जुन्या आर्गन मशीनला पेडल लावायचंय? आधी सॉकेट मोजा

नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडून आमच्या हिंगण्याच्या शेडवर येणारी कामं साधारण एकाच जातीची असतात. ट्रकचा फुटलेला ऑइल सम्प, गिअरबॉक्सचा तुटलेला कान, मधूनच एखाद्या बुलेटचं क्रँककेस. सगळं ॲल्युमिनियम, म्हणजे आर्गन मशीनचं काम: आर्गन वायूच्या आडोशात टंगस्टनच्या टोकाने आर्क काढून जोडायचं (टिग वेल्डिंग). आणि ॲल्युमिनियमची खोड अशी, की थंड असताना १५० अँपियर दिले तरी वितळलेलं डबकं धड तयार होत नाही, आणि तीन-चार इंच पुढे सरकलं की तोच करंट जास्त होऊन कड खाली गळायला लागते. शेवटी करंट एकदम तोडला तर जोडाच्या टोकाला खड्डा राहतो आणि त्या खड्ड्यातून तडा निघतो. आमच्याकडे कित्येक वर्षं यावर एकच इलाज होता. हेल्पर मशीनच्या नॉबपाशी उभा, आणि वेल्डर काचेआडून ओरडतोय, "कमी कर... अजून कमी... अबे वाढवू नको ना, कमी!"

हे हेल्परचं काम वेल्डरच्या स्वतःच्या पायाला किंवा बोटाला देणं म्हणजे रिमोट अँपियर कंट्रोल. नवीन इन्व्हर्टर (हलकं, इलेक्ट्रॉनिक) मशीन घेतलं तर पेडल सोबत मिळतं किंवा त्याच कंपनीचं विकत मिळतं, त्यात निवडण्यासारखं फार काही नाही. अडतं ते जुन्या मशीनवाल्यांचं. माझं मशीन बुटीबोरीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातलं. ३०० अँपियरचं, एसी-डीसी दोन्ही देणारं, थायरिस्टरवालं (म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचने करंट कमी-जास्त करणारं), दोन माणसांना न हलणारं धूड. पुढे गोल सॉकेट होतं, पेडल मात्र लिलावाआधीच कुणीतरी लंपास केलेलं. मी काय केलं, तर "चांगलं पेडल कोणतं" हे चार जणांना विचारलं, एक मागवलं, त्याला मशीनच्या मापाचा प्लग लावून घेतला आणि महिनाभर डोकं धरून बसलो. पेडलमध्ये दोष नव्हता. माझ्या मशीनला जे हवं होतं ते त्यात नव्हतं, एवढंच. ती भानगड पुढे आकड्यांसकट येईलच.

पाय ठेवणार कुठे?

खरेदीच्या आधी एक घरगुती प्रश्न. आपले अर्धेअधिक वेल्डर उकिडवं बसून काम करतात. जॉब जमिनीवर, माणूस जमिनीवर. पेडल आणल्यावर आमच्या जुन्या मिस्त्रींनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "पाय कुठी ठेवू, भाऊ? दोन्ही पायावर तर बसलो आहे मी." त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. पेडल हे टेबल आणि स्टूलचं यंत्र आहे. जॉब कमरेच्या वर, माणूस स्टुलावर, टाच जमिनीला टेकलेली आणि फक्त पंजा हलतोय, तेव्हा कुठे पाच-दहा अँपियरचा फरक पायाला जमतो. म्हणून पेडलच्या बजेटमध्ये एक बेंच आणि एक बुटकं स्टूल धराच.

रेलिंग, टाकी, पाइपलाइन, शिडीवरचं काम असेल तर पेडलचा नाद सोडा. तिथे टॉर्चच्या दांड्यावर बसणारं बोटाचं कंट्रोल लागतं. त्यात दोन जाती: अंगठ्याने आडवं फिरणारं चाक आणि पुढे-मागे सरकणारी पट्टी. जाड चामडी हातमोजा घालून काम करणाऱ्याला पट्टी बरी पडते, कारण चाक मोज्यात अडकतं. बोटाचं कंट्रोल शिकायला पेडलपेक्षा वेळ लागतो. टॉर्च स्थिर धरणारा हातच करंटही फिरवतो, त्यामुळे पहिले काही दिवस टंगस्टन डबक्यात बुडतंच. टॉर्चही बघा: १७ नंबरची हवेवर थंड होणारी टॉर्च १५० अँपियरची, २६ नंबरची २०० ची. त्यावर आणखी एक डबी आणि वायर चढली की मनगटाला वजन जाणवतं.

तिसरा पर्याय म्हणजे नुसती हातात धरायची डबी: एक नॉब, एक स्विच, लांब केबल. वेल्डिंग चालू असताना दोन्ही हात अडकलेले असतात, त्यामुळे ती फिरवता येत नाही, पण मशीनपासून लांब काम करणाऱ्याला जागेवर बसून करंट ठरवता येतो. स्वस्तही पडते.

आणि जर तुमचं सगळं काम दीड-दोन मिलिमीटरच्या स्टेनलेस पत्र्याचं असेल, एकाच जाडीचं, सरळ रेषेतलं, तर पेडल कदाचित लागणारच नाही. मशीनमध्ये शेवटी करंट हळूहळू उतरवण्याची सोय असेल तर टॉर्चवरचं साधं बटण पुरतं. खड्डा भरण्यापुरता उतार मिळाला की झालं. पेडल खरं कमावतं ते ॲल्युमिनियम, ओतीव भाग, जाड-पातळ जोड आणि दुरुस्तीच्या कामात.

मशीन कोणत्या पिढीचं?

हे बाहेरूनच बरंचसं कळतं. करंट बदलायला मशीनवर फिरवायचं हँडल असेल, म्हणजे आतला लोखंडी गाभा स्क्रूने वर-खाली होत असेल, किंवा वेगवेगळ्या भोकांत केबल खोचावी लागत असेल, तर त्याला कुठलंही पेडल करंट बदलून देणार नाही. फार तर पायाने चालू-बंद होईल. इथेच थांबा आणि पैसे वाचवा.

नॉब असेल तर मेन स्विच बंद करा, प्लग काढा आणि पॅनेल उघडून नॉबच्या मागे काय आहे ते बघा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त माहिती देणारी जागा हीच. नॉबच्या मागे चहाच्या बशीएवढी चिनीमातीची, उघड्या तारेच्या वेटोळ्यांची चकती दिसली तर तो रिओस्टॅट, आणि मशीन सॅच्युरेबल रिॲक्टर जातीचं. या मशीनमध्ये एका कंट्रोल वाइंडिंगमधून डीसी करंट सोडून मोठ्या चोकला (लोखंडी गाभ्यावरच्या वेटोळ्याला) 'भरतात' आणि त्यावर वेल्डिंगचा करंट ठरतो. म्हणजे रिओस्टॅटमधून खराखुरा करंट वाहतो. ५० ओहममधून १ अँपियर गेला तर ५० वॉट उष्णता. हल्लीच्या पेडलमधला पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा छोटा रेझिस्टन्स) अर्ध्या किंवा दोन वॉटचा असतो, पहिल्या दाबालाच त्याचा धूर. अशा मशीनला त्याच्याच जमान्याचं रिओस्टॅटवालं पेडल शोधा, किंवा तेवढ्याच ओहमचा आणि तेवढ्याच वॉटचा रिओस्टॅट घेऊन पेडल बनवून घ्या. तिसरी वाट नाही.

नॉबच्या मागे एक रुपयाच्या नाण्याएवढा, तीन पायांचा छोटा पॉट दिसला तर तुम्ही नशीबवान. मशीन थायरिस्टरवालं किंवा इन्व्हर्टर आहे, आणि आजचं पेडल त्याला चालू शकतं. त्या पॉटच्या पाठीवर छापलेला आकडा लिहून घ्या: १ के (म्हणजे हजार ओहम), ५ के, १० के, जे असेल ते. बहुतेक मशीनमध्ये बाहेरून जोडायच्या पेडलचा पॉट पॅनेलवरच्या पॉटच्या व्हॅल्यूचाच असतो. कंपनीचं पुस्तक हरवलेल्या माणसाला याहून चांगला धागा मिळत नाही.

सॉकेट वाचणं

आता गोल सॉकेट. अमेरिकन मशीनवर प्रामुख्याने दोन दिसतात. मिलर कंपनीचं १४ पिनांचं: त्यात ए आणि बी कॉन्टॅक्टरसाठी (करंट जोडणारा-तोडणारा मशीनमधला मोठा स्विच), २४ व्होल्ट एसी. सी वर अधिक १० व्होल्ट डीसी, डी कॉमन (शून्याची बाजू), आणि ई वर पेडलकडून परत येणारा ० ते १० व्होल्टचा हुकूम. लिंकन कंपनीचं ६ पिनांचं: ए आणि सी पॉटची दोन टोकं, बी मधला पाय म्हणजे वायपर, डी-ई स्विच. मिलरच्या पेडलमध्ये सहसा १ के, लिंकनच्यात १० के. त्याहून जुन्या मशीनवर ५ पिनांचं सॉकेट किंवा दोन वेगळी सॉकेटं असतात, एक स्विचचं आणि एक करंटचं. चिनी इन्व्हर्टरवर बारीक स्क्रूचे एव्हिएशन प्लग असतात, २ पिनांचा स्विचला आणि ३ पिनांचा पॉटला, किंवा दोन्ही मिळून ५ किंवा ७ पिनांचा. त्यांचे पॉट १० के पासून ४७ के पर्यंत काहीही असू शकतात. पिनांची संख्या जुळली म्हणून वायरिंग जुळलं असं समजू नका. भंगारातून आलेल्या मशीनच्या आत आधीच्या मालकाने काय केलंय ते त्यालाच माहीत.

म्हणून मोजायचं. मोजण्याआधी मात्र हे करा: हाय फ्रिक्वेन्सीचा (एचएफ, म्हणजे टंगस्टन न टेकवता आर्क पेटवणाऱ्या ठिणगीचा) स्विच बंद, टॉर्चमधलं टंगस्टन काढलेलं, टॉर्च लाकडी फळीवर, अर्थची पकड जॉबपासून दूर. एचएफ चालू असताना मल्टिमीटर लावला तर मीटर जातो, हे मी एक मीटर घालवून शिकलोय. मशीनला ४१५ व्होल्ट येतात, आर्गन मशीनचं उघडं (आर्क नसतानाचं) व्होल्टेज ८० च्या आसपास असतं, आणि मे महिन्यात आपल्या शेडमध्ये घामाने निथळलेला माणूस म्हणजे चांगला वाहक. झाकण उघडून चालू मशीनवर हात घालायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा. इन्व्हर्टर असेल तर बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. झाकण उघडायच्या आधी थांबा, आणि उघडल्यावर त्यांच्यावरचं व्होल्टेज मोजून खात्री झाल्याशिवाय आत बोट घालू नका.

मशीन बंद असताना पहिलं काम म्हणजे सॉकेटच्या मागच्या वायरी कुठे जातात ते बघणं. दोन वायरी कॉन्टॅक्टरकडे किंवा रिलेकडे जाताना दिसतील, तीन वायरी कंट्रोल कार्डकडे. वायरींवर बारीक नंबर असतील तर मोबाइलने फोटो काढून ठेवा. मग मशीन चालू करा, रिमोटचा स्विच 'रिमोट'वर टाका आणि मीटर एसीवर ठेवून स्विचच्या दोन पिनांमध्ये मोजा. २४ आले तर छान. ११० च्या आसपास आले तर सावध व्हा, त्याबद्दल पुढे. मग मीटर डीसीवर. कार्डकडच्या तीन पिनांपैकी ज्या दोघींत स्थिर १० व्होल्ट दिसतील (काही मशीनवर ५, १२ किंवा १५ असतात) त्या रेफरन्स (पॉटला मिळणारं ठरलेलं व्होल्टेज) आणि कॉमन. उरलेली तिसरी म्हणजे हुकमाची पिन. दोन जोड्यांत १० दिसले तर दोन्हींत येणारी पिन रेफरन्स, आणि कॉमन कोणती ते मागच्या वायरींवरून ठरवा. आणखी एक मोजमाप, मशीन पुन्हा बंद करून आणि मीटर ओहमवर ठेवून: कॉमन पिन आणि मशीनची बॉडी, तसंच कॉमन आणि वेल्डिंगचं टर्मिनल. काही जुन्या मशीनमध्ये कंट्रोलचं कॉमन आतून वेल्डिंगच्या टर्मिनलला जोडलेलं असतं. तसं निघालं तर पेडलच्या पत्र्याच्या डबीला यातली एकही वायर लागता कामा नये.

करंटसाठी तीनऐवजी दोनच पिना सापडल्या तर समजा की मशीन पॉटला सरळ कमी-जास्त होणाऱ्या रेझिस्टन्ससारखं वापरतंय. तिथे व्हॅल्यू तंतोतंत जुळावी लागते, पुढचा हिशेब तिथे लागू नाही.

१ के की ४७ के: माझा महिना कुठे गेला

पॉट म्हणजे व्होल्टेजची वाटणी. वरच्या टोकाला १० व्होल्ट, खालच्या टोकाला शून्य, मधला पाय जिथे उभा असेल तिथलं व्होल्टेज मशीनला हुकूम म्हणून जातं. अर्धं दाबलं की ५ व्होल्ट, ३०० पैकी १५० अँपियर. या वाटणीत पॉटच्या व्हॅल्यूचा काय संबंध, असं वाटतं. मलाही वाटलं होतं, आणि मी ४७ के चं पेडल लावून बसलो.

झालं असं. अर्धं पेडल दाबलं तरी आर्क मिणमिणता. पाऊण दाबलं तरी सम्पची कड वितळेना. मग वैतागून थोडा जोर दिला की भसकन भोक. मिस्त्रींनी दोन सम्प खराब केल्यावर पेडल ढकलून दिलं, "याले तुम्हीच चालवा."

शेवटी मीटर लावला. पेडल बरोबर अर्ध्यावर, आणि हुकमाच्या पिनेवर ५ ऐवजी २.३ व्होल्ट. कारण मशीनच्या कार्डावर हुकमाच्या पिनेपासून कॉमनला आतून १० के चा रेझिस्टन्स होता. ४७ के चा पॉट अर्ध्यावर असताना वर २३.५ के आणि खाली २३.५ के. पण खालच्या अर्ध्याला समांतर कार्डाचे १० के लागले की खालची बाजू ७ के वर येते, आणि वाटणी होते २३.५ ला ७. पाऊण दाबल्यावर हाच हिशेब ४ व्होल्टवर येतो. म्हणजे पेडलच्या पहिल्या पाऊण प्रवासात ३०० पैकी १२० अँपियर, आणि उरलेल्या पाव प्रवासात तब्बल १८०. भोक पडणार नाही तर काय?

तिथे १० के चा पॉट लावला असता तर अर्ध्यावर ४ व्होल्ट आणि पाऊणवर ६.३ मिळाले असते. चालवून घेता आलं असतं. १ के ला अर्ध्यावर ४.९, पाऊणवर ७.४, जवळजवळ सरळ रेषा. मी पेडल उघडून आतला पॉट काढला आणि सीताबर्डीतून १ के चा, २ वॉटचा, वायरवाउंड पॉट आणून बसवला. पेडल तेच, मिस्त्री तेच, आणि त्या संध्याकाळी तिसरा सम्प सुखरूप निघाला.

उलट चूकही होते. ज्या मशीनचा रेफरन्स १० के साठी बनलाय त्याला १ के लावला तर तो दहापट करंट ओढतो, १ मिलिअँपियरऐवजी १०. काही कार्डांचा रेफरन्स तेवढ्याने खाली बसतो, मग पेडल पूर्ण दाबूनही पूर्ण करंट मिळत नाही. म्हणून नियम सोपा ठेवा: पॅनेलवरच्या पॉटची व्हॅल्यू तीच पेडलची. नाहीच मिळाली तर जवळची, दुपटीपर्यंत. पॉट लिनियरच घ्या. आपल्याकडे मिळणाऱ्या पॉटवर व्हॅल्यूच्या आधी बी असेल तर लिनियर, ए असेल तर आवाजाच्या नॉबसाठीचा लॉग. लॉग पॉटने वर सांगितलेलाच तमाशा होतो.

विकत घेताना दुकानातच एक तपासणी करा. मीटर ओहमवर ठेवा, एक टोक वायपरला, एक कॉमनच्या टोकाला, आणि पेडल अगदी सावकाश दाबा. आकडा शून्याजवळून सुरू होऊन पूर्ण व्हॅल्यूजवळ जायला हवा. बऱ्याच स्वस्त पेडलमध्ये पॉट २७० अंश फिरू शकतो पण पेडल त्याला १०० अंशच फिरवतं. मग शेवटपर्यंत दाबूनही एक-तृतीयांशाच्या वर काहीच मिळत नाही. आकडा मध्ये उड्या मारत असेल तर पॉट घाणेरडा किंवा झिजलेला.

स्विच आणि ११० व्होल्टची गोष्ट

पेडलमध्ये पॉटशिवाय एक मायक्रोस्विच असतो. पाय टेकताक्षणी तो आधी लागला पाहिजे आणि पॉट त्यानंतर हलायला लागला पाहिजे. सोडताना उलट: पॉट तळाला आला की मग स्विच सुटतो, आर्क विझतो, आणि गॅस मागून वाहत राहतो. मागचा गॅस साधारण दर १० अँपियरला एक सेकंद धरा, १५० ला १५ सेकंद. तोवर टॉर्च उचलू नका, नाहीतर टंगस्टन निळं-काळं पडेल.

स्विच पाय सोडल्यावर मशीनचा कॉन्टॅक्टरच तोडतो, त्यामुळे टॉर्च हातात असताना टंगस्टनवर व्होल्टेज नसतं. घासून आर्क पेटवणाऱ्या जुन्या जोडणीत ते ८० व्होल्ट सतत जिवंत असतात. पेडलचा हा फायदा कुणी मोजत नाही.

आता ११० व्होल्ट. काही जुन्या मशीनमध्ये कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पूर्ण व्होल्टेज पेडलच्या स्विचमधून फिरतो. पायाखाली, लोळणाऱ्या केबलमधून, आणि शेडमध्ये कुलर गळत असताना. तसं पेडल जोडू नका. मशीनच्या आत २४ व्होल्टचा एक छोटा ट्रान्सफॉर्मर आणि एक रिले बसवा. पेडलचा स्विच फक्त रिलेची कॉइल ओढेल, आणि रिलेचा कॉन्टॅक्ट ११० चा भार उचलेल. कोणताही पॅनेल वायरिंगवाला एका दुपारी करून देईल.

नॉब आणि पेडलचं नातं

हे तपासायला फार कमी लोक थांबतात. बऱ्याच मशीनमध्ये रिमोट लावल्यावर पॅनेलचा नॉब कमाल मर्यादा ठरवतो. नॉब १२० वर ठेवला तर पेडल ० ते १२० मध्येच चालतं, आणि पायाचा पूर्ण प्रवास कामाच्या पट्ट्यात मिळतो. पण काही जुन्या मशीनमध्ये रिमोटवर टाकताच नॉब पूर्ण सुटतो आणि पेडल ० ते ३०० धावतं. पेडलचा पंजा जेमतेम दोन-अडीच इंच हलतो. त्यात ३०० अँपियर बसवले तर दीड मिलिमीटरच्या पत्र्यावर काम करताना पायाची थरथरसुद्धा दिसते. जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण ४० अँपियर हा ढोबळ हिशेब धरला तर त्या पत्र्याला ६० लागतात, म्हणजे अर्ध्या इंचाचा खेळ.

इलाज स्वस्त आहे. पॉटच्या वरच्या टोकाच्या आणि रेफरन्सच्या मध्ये आणखी एक पॉट टाका, दोन पाय वापरून. १० के च्या पेडलला १० के आडवा आला की कमाल हुकूम निम्म्यावर, सुमारे ५ व्होल्टवर येतो. तो पॉट पेडलच्या बाजूला नॉब लावून बसवला की तुमची स्वतःची मर्यादा तयार. खालच्या टोकाला काही लावू नका, नाहीतर पेडल सोडल्यावरही करंट तळाला जाणार नाही आणि खड्डा भरणार नाही.

पेडलचा सांगाडा

वजनदार घ्या. हलकं प्लास्टिकचं पेडल गुळगुळीत कोब्यावर पायापुढे सरकत जातं आणि माणूस त्याच्या मागे स्टूल ओढत बसतो. खाली रबर, उंची कमी, स्प्रिंग फार कडक नको. दिवसभर दाबायचं आहे. आतली जोडणी दाते असलेल्या पट्टीची आणि गिअरची असेल तर टिकते. दोरीवाली घसरते, पण दुरुस्त करणं सोपं. ग्राइंडरची धूळ हा पेडलचा खरा शत्रू, म्हणून खालून बंद असलेलं निवडा.

शिलाई मशीनच्या मोटरचं पेडल लावायची कल्पना प्रत्येकाच्या डोक्यात एकदा येते. इतवारीत जागोजागी मिळतं आणि स्वस्तही आहे. पण ते दोन वायरींचं आहे, मोटरच्या सिरीजमध्ये २३० व्होल्टवर चालणारं, त्यात वाटणी करणारा तिसरा पाय नाही. नका लावू.

बिनवायरीची पेडलंही मिळतात. इन्व्हर्टरवर चालत असतील, पण जुन्या मशीनचा ठिणगीवाला एचएफ आजूबाजूच्या रेडिओत खरखर उठवतो. तिथे मी वायरच पसंत करीन.

जोडणी

केबल शील्डवाली घ्या, पाच कोरची, लवचिक. शील्ड फक्त मशीनच्या टोकाला बॉडीला जोडा, पेडलच्या टोकाला मोकळं सोडा. पेडलची केबल टॉर्चच्या केबलसोबत बांधू नका, दोघींत हातभर अंतर ठेवा, नाहीतर एचएफ लागताक्षणी करंट नाचायला लागतो. १४ पिनांच्या प्लगसाठी दुकानदाराला '२०-२७' मांडणीचा मिलिटरी गोल कनेक्टर म्हणून सांगा, लिंकनच्या ६ पिनांसाठी '१४एस-६'. सोल्डर करताना एक फसगत हमखास होते: अक्षरं पुढून वाचली आणि टाका मागून मारला, तर सगळं आरशासारखं उलटं. पिनेच्या मागच्या बाजूला कोरलेलं अक्षर भिंगाने वाचा. प्रत्येक टाक्यावर स्लीव्ह चढवा आणि प्लग मशीनमध्ये खोचण्यापूर्वी प्रत्येक पिन मीटरने वाजवून बघा.

वायपर चुकून रेफरन्सच्या किंवा कॉमनच्या पिनेवर गेला तर पेडलच्या एका टोकाला १० व्होल्ट सरळ कॉमनला शॉर्ट होतात. पॉटचा ट्रॅक जळतो, कार्डाचं काय होईल ते नशीब. दिशा उलटी निघाली, म्हणजे पाय सोडल्यावर पूर्ण करंट, तर फक्त दोन टोकांच्या वायरी बदला, मधल्याला हात लावू नका.

पहिल्यांदा आर्क काढताना डीसीवर, जाड लोखंडी तुकड्यावर, नॉब ८०-१०० वर ठेवून काढा. पेडल सावकाश दाबा, डबकं वाढतंय आणि कमी होतंय ते पाहा. मग एसी आणि ॲल्युमिनियम. कुलरचं तोंड आधी दुसरीकडे फिरवा. उन्हाळ्यात आर्गन उडून जोडात भोकं पडली की दोष नव्या पेडलवर येतो.

पुढे कधी बिघाड झाला तर लक्षणावरून वायर ओळखता येते. पाय टेकताच एकदम पूर्ण करंट: कॉमनची वायर तुटलेली. पेडल कितीही दाबा, करंट तळालाच: वायपर किंवा रेफरन्स सुटलेला. काहीच होत नाही, गॅससुद्धा नाही: मायक्रोस्विच किंवा त्याची वायर. ठरावीक जागेवरच झटका बसतो: पॉटच्या ट्रॅकवर धूळ, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पेडल वीस-पंचवीस वेळा दाबा, नाही गेला तर पॉट बदला. केबल बहुतेक वेळा पेडलमधून बाहेर निघते त्याच जागी आतून तुटते, कारण प्रत्येक जण पेडल केबलला धरूनच ओढतो.

माझ्या मशीनच्या बाजूच्या झाकणाच्या आत आता एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवलेला आहे: पिनांची अक्षरं, वायरींचे रंग, मोजलेले व्होल्ट, पॉटची व्हॅल्यू आणि तारीख. मिस्त्रींनी खाली स्केचपेनने स्वतःची भर घातली आहे: "केबलले धरून ओढू नये."